हवाई वीर अर्जनसिंग

आपण शेतात काम करीत असतो. एकाएकी वरून घरघर असा आवाज येतो. आपण हातातले खुरपे थांबवतो, कपाळावर हात धरतो आणि वर बघतो. उन्हात एक पांढरा ठिपका चमकतो. बघता बघता तो दिसेनासा होतो. पोरेसोरे ओरडत त्याच्या मागे धावतात. बांधावर बसलेले एखादे आजोबा म्हणतात, "काय ही माणसाची करामत म्हणावी!"

विमाने अनेक तऱ्हेची असतात. काही विमाने उतारू नेतात. काही माल आणि टपाल नेतात. काही विमाने केवळ लढाईसाठी बांधलेली असतात. त्यांतले जे लहान, चपळ आणि वेगवान, त्याला लढाऊ विमान म्हणतात. जुन्या लढाऊ विमानात बहुधा एकच माणूस बसे. विमान चालवायचे त्यानेच. वाट शोधायची त्यानेच. शत्रू मागून येतो की काय, ते बघायचे त्यानेच. आणि वेळ आली तर गोळ्या झाडायच्या, त्याही त्यानेच. सल्ला द्यायला शेजारी कोणी नसे. धीर द्यायलाही कोणी नसे.

लढाऊ वैमानिक म्हटला की आपल्याला वाटते, हा सारखा गोळ्याच झाडीत असणार. पण ते त्याचे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम म्हणजे नीट बघणे, आणि जे बघितले ते खरे खरे येऊन सांगणे. हे दुसरे काम पहिल्याहून सोपे नाही. ते कसे, हे आम्ही एका माणसाच्या आयुष्यावरून सांगणार आहोत. त्या माणसाचे नाव अर्जनसिंग.

घोड्यावरून विमानात

अर्जनसिंग यांचा जन्म १५ एप्रिल १९१९ रोजी पंजाबातील लायलपूर येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे आणि त्याला फैसलाबाद म्हणतात. त्यांचे घराणे शिपाईगिरीचे. पणजोबा घोडदळात होते, आजोबा घोडदळात होते आणि वडीलही घोडदळात होते. पणजोबा तर अफगाणिस्तानच्या लढाईत १८७९ साली कामी आले.

घोडदळाचे काम काय असे, ते बघा. घोडेस्वार तलवार चालवी, हे तर खरेच. पण फौज कूच करण्याआधी स्वार पुढे जात. वाट कशी आहे, पाणी कुठे आहे, शत्रू किती आहे, हे बघून येत. याला टेहळणी म्हणतात. पुढे विमाने आली आणि घोड्याचे हे काम विमानाकडे गेले. घोडा टेकडीपर्यंत जाई. विमान टेकडीपलीकडचेही बघू लागले. तेव्हा घोडेस्वाराचा मुलगा वैमानिक झाला, यात तसे नवल नाही.

पण त्या काळी भारतीय माणसाला वैमानिक होणे सोपे नव्हते. राज्य इंग्रजांचे. भारतीय माणूस शूर शिपाई होईल, पण विमानासारखे नाजूक यंत्र त्याला जमणार नाही, असे पुष्कळ इंग्रज अधिकारी समजत. शेवटी ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला त्याची पहिली तुकडी उभी राहिली. तिच्यात किती माणसे होती? इंग्लंडात शिकून आलेले सहा अधिकारी आणि एकोणीस हवाई शिपाई. विमाने चार, आणि तीही जुन्या बनावटीची. एवढ्या लहान रोपाचा पुढे वटवृक्ष झाला.

१९३८ साली अर्जनसिंग लाहोरच्या कॉलेजात शिकत होते. वय एकोणीस. अंगाने उंच, पोहण्यात पटाईत. त्यांची निवड झाली आणि ते इंग्लंडात क्रॅनवेल येथील हवाई दलाच्या कॉलेजात गेले.

तिथे नुसते विमान चालवायला शिकवीत नसत. वारा ओळखायला शिकवीत. इंजिनाची ओळख करून देत. मुख्य म्हणजे जमीन वाचायला शिकवीत. 'जमीन वाचायची म्हणजे काय?' असे तुम्ही विचाराल. आपण अक्षरे शिकू लागलो तेव्हा आपल्याला काय दिसत होते? नुसत्या काळ्या रेघा. मग त्यांतून अक्षर दिसू लागले. मग शब्द, आणि मग अर्थ. वैमानिकाचेही तसेच असते. वरून पहिल्यांदा बघितले की खाली नुसते हिरवे-तांबडे ठिगळ दिसते. मग कळू लागते, की ही नदी, हा रस्ता, हे गाव. आणि पुढे कळते, की हा रस्ता काल इतका मळलेला नव्हता. आज या वाटेने कोणीतरी गेले आहे.

डिसेंबर १९३९ मध्ये अर्जनसिंग हवाई दलात अधिकारी झाले. त्याच्या तीन महिने आधी दुसरे महायुद्ध सुरू झाले होते.

पहिली परीक्षा

त्यांची पहिली नेमणूक वायव्य सरहद्दीवर झाली. हा भाग आता पाकिस्तानात आहे. उघडे डोंगर, खोल दऱ्या, कोरड्या नद्या. तिथल्या पठाण टोळ्या इंग्रजांची सत्ता मानीत नसत. त्यांच्यात आणि सरकारी फौजेत सारख्या चकमकी होत.

अर्जनसिंग जुन्या दुपंखी विमानातून टेहळणी करीत. म्हणजे विमानाला खाली-वर असे पंखांचे दोन थर असत. डोक्यावर छप्पर नसे. पुढे वैमानिक आणि त्याच्या मागे बंदूकवाला, अशी दोन माणसे बसत. विमान डोंगरांमधून खालून जाई आणि वर टेकडीवर बसलेले टोळीवाले त्याच्यावर नेम धरीत.

एके दिवशी खालून आलेल्या गोळीने इंजिन निकामी झाले. विमान खाली येऊ लागले. सपाट जागा कुठेच नव्हती. शेवटी अर्जनसिंगांनी ते एका नदीच्या कोरड्या पात्रात उतरवले. विमान आदळले. त्यांचे तोंड पुढच्या फळीवर आपटले आणि नाकातून रक्त वाहू लागले. चहूकडून गोळ्या येत होत्या.

मागचा बंदूकवाला गुलाम अली उडी मारून पळाला. पण घाबरलेल्या माणसाला दिशा कळत नाही. तो जिकडून गोळ्या येत होत्या तिकडेच पळत सुटला. अर्जनसिंगांना आपल्या बाजूची वाट दिसत होती. ते सरळ निघून जाऊ शकत होते. पण ते रक्ताळलेल्या तोंडाने गुलाम अलीच्या मागे धावले. त्याला गाठले, मागे फिरवले आणि मग दोघेही सुखरूप आपल्या फौजेकडे पोचले. जखम भरायला अर्जनसिंगांना थोडे दिवस लागले. दोन आठवड्यांत ते पुन्हा विमानात बसले.

या प्रसंगात त्यांनी एकही गोळी झाडली नव्हती. तरी आमच्या मते ही मोठी बहादुरी होती. सगळे धावत असताना कोण कुठे चालला आहे, हे त्यांनी बघितले. आणि बघून ते सोबत्याला सोडून गेले नाहीत.

इंफाळचा वेढा

आता आपण देशाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेला जाऊ. १९४२ साली जपानी फौजेने ब्रह्मदेश जिंकला. ब्रह्मदेशाला लागून आपले मणिपूर आहे. मणिपूरचे मुख्य शहर इंफाळ. मोठी परात ठेवावी तशी ही जागा आहे. मध्ये सपाट मैदान आणि भोवती उंच डोंगरांचा काठ.

इंफाळहून उत्तरेला कोहिमापर्यंत एक रस्ता जातो. अंतर सुमारे १४० किलोमीटर. तोच रस्ता पुढे रेल्वेपर्यंत पोचतो. इंफाळच्या फौजेला लागणारे धान्य, पेट्रोल आणि दारूगोळा याच रस्त्याने येई. म्हणजे हा रस्ता इंफाळचा गळाच होता.

मार्च १९४४ मध्ये जपानी फौज चिंदविन नदी ओलांडून मणिपुरात शिरली. ती सुमारे ८५ हजारांची होती. २९ मार्चला तिने कोहिमाचा रस्ता तोडला. इंफाळला वेढा पडला. आत सुमारे दीड लाख माणसे अडकली. त्यांत भारतीय जवान फार मोठ्या संख्येने होते. आपल्या मराठा पलटणीचे जवानही या लढाईत होते. मार्चच्या शेवटच्या दिवसांत सांगशाक नावाच्या टेकडीवर जपान्यांना रोखून धरण्यात त्यांचाही वाटा होता.

अर्जनसिंग फेब्रुवारी १९४४ पासूनच इंफाळच्या विमानतळावर होते. हवाई दलाच्या पहिल्या तुकडीचे ते प्रमुख होते. म्हणजे कराचीला चार विमानांवर जी उभी राहिली, तीच ही तुकडी. तुकडीचे वैमानिक भारतीय होते. प्रमुखाचे वय अजून पंचवीसही पुरे नव्हते.

त्यांच्याकडे हरिकेन जातीची विमाने होती. हरिकेन म्हणजे तुफान. एक इंजिन, एक माणूस. इंजिनाची ताकद बाराशे घोड्यांहून अधिक. वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या घरात. पंखांत बंदुका किंवा लहान तोफा बसवलेल्या. पण एक गंमत ऐका. या विमानाच्या मागच्या अंगाला पत्रा नव्हता. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून बसवलेले असे आणि त्याला रोगण लावलेले असे. गोळी लागली तर ती कापडातून आरपार जाई. मग कारागीर भोकावर ठिगळ लावीत आणि विमान पुन्हा उडे. नवे सामान मिळण्याची मारामार असताना हे कापडाचे विमान फार उपयोगी पडले.

दोघांनी जायचे

टेहळणीला विमाने जोडीने जात. पुढचा वैमानिक जमिनीकडे बघे. मागचा वैमानिक आकाशाकडे बघे. असे का? कारण जो खाली बघतो त्याची पाठ उघडी पडते. शत्रूचे विमान मागून आले तर त्याला कळणार नाही. म्हणून एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने त्याची पाठ राखायची. मागच्याची नजर क्षणभर हलली, तरी पुढच्याचा जीव जायचा. बैलजोडीत एक बैल कुचराई करू लागला की दुसऱ्याच्या खांद्यावर भार येतो. तसेच हे होते.

आता पुढच्याला काय दिसे? मणिपूरचे डोंगर दाट जंगलाचे. जपानी शिपाई दिवसा झाडीत लपत आणि रात्री चालत. वरून बघितले तर सगळे हिरवेगार. माणूस दिसतच नसे. मग खुणा बघाव्या लागत.

आपल्या शेतात रात्री गुरे शिरली, तर सकाळी आपल्याला कोणी सांगावे लागते का? आडवे झालेले पीक, खुरांचे ठसे, मोडलेले कुंपण बघून आपण ओळखतो. गुरे कोठून आली, किती होती, कोठे गेली, हे सगळे सांगतो. वैमानिकही तेच करी. ताज्या मातीचा रंग निराळा दिसतो, म्हणजे तिथे खड्डा खणला आहे. तोडलेल्या फांद्या दोन दिवसांत सुकतात आणि हिरव्या झाडीत पिवळ्या दिसतात, म्हणजे त्यांच्याखाली काहीतरी झाकले आहे. रिकाम्या दरीतून धूर येतो, म्हणजे तिथे कोणीतरी चूल पेटवली आहे.

हे सगळे ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगाने जाताना बघायचे. तेही झाडांच्या शेंड्यांवरून, खालून बंदुका चालू असताना. पुढे मे महिन्यात पाऊस सुरू झाला. त्या भागातला पाऊस म्हणजे आपल्या कोकणासारखा. ढग डोंगरांवर टेकत. ढगात शिरले आणि आत डोंगर असला, तर खेळ संपला. तरीही विमाने दिवसामागून दिवस उडत राहिली.

पाहिले तेवढेच सांगायचे

विमान उतरले की वैमानिकाचे काम संपत नसे. फौजेचा एक अधिकारी नकाशा घेऊन वाट बघत असे. तो विचारी: कुठे बघितलं? किती वाजता? किती माणसं? कुठल्या बाजूला चालली होती? तुम्ही स्वतः बघितलं, की तुम्हाला वाटलं?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. वैमानिक दमलेला असे. आपण काहीतरी मोठी बातमी आणली, असे सांगायचा मोह कोणालाही होईल. पण त्याने पन्नास माणसांची पाचशे केली, तर फौज भलतीकडे धावे आणि खरी जागा मोकळी राही. त्याने दिसलेले सांगायचे विसरले, तर आपलेच जवान बेसावध मारले जात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या डोंगरांत गावे होती. नागा आणि इतर डोंगरी लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. लढाई त्यांनी मागितली नव्हती. दोन फौजांच्या मध्ये ते सापडले. त्यांची घरे जळाली, भात गेले. वैमानिकाने गावाची चूल आणि शत्रूची चूल यांतला फरक ओळखला नाही, तर पुढचा बाँब कोणाच्या घरावर पडेल?

म्हणून आम्ही म्हणतो, की टेहळणीच्या वैमानिकाचे खरे हत्यार म्हणजे त्याची नजर आणि त्याची जीभ. नजर तीक्ष्ण पाहिजे आणि जीभ खरी पाहिजे.

अर्जनसिंगांच्या तुकडीची विमाने रोज अशी बातमी आणीत. गरज पडे तेव्हा शत्रूच्या पुलांवर, बोटींवर आणि फौजेवर हल्लेही करीत. प्रमुख असूनही अर्जनसिंग स्वतः उडत. तुम्ही जा, मी बघतो, असे त्यांचे नव्हते.

इकडे वेढ्यात रस्ता बंद होता. पण आकाश बंद नव्हते. मोठी मालवाहू विमाने धान्य, दारूगोळा आणि औषधे घेऊन येत आणि जाताना जखमींना घेऊन जात. तरी शिधा कमी करावा लागला. जपान्यांना मात्र असे काही नव्हते. ते जेमतेम तीन आठवडे पुरेल एवढेच धान्य घेऊन निघाले होते. इंफाळ लवकर पडेल आणि तिथली कोठारे आपल्याला मिळतील, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. इंफाळ पडले नाही. २२ जून १९४४ रोजी कोहिमाकडून आलेली फौज आणि इंफाळची फौज एकमेकींना भेटल्या आणि रस्ता मोकळा झाला.

जपानी फौज मागे फिरली. तिची तीस हजारांवर माणसे मेली. त्यांत गोळीने मेलेल्यांपेक्षा भुकेने आणि रोगराईने मेलेले अधिक होते. तीही कोणा आईबापांची मुले होती. विजयाची गोष्ट सांगताना आम्ही हेही सांगतो, कारण लढाईची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते.

छातीवर पदक

या कामगिरीबद्दल अर्जनसिंगांना 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे पदक मिळाले. नाव लांबलचक आहे. त्याचा अर्थ, शत्रूसमोर विमान चालवताना दाखवलेल्या शौर्याबद्दल दिलेला क्रॉस. हे पदक १९१८ साली सुरू झाले. ते चांदीचे असते आणि त्याच्या फितीवर जांभळे-पांढरे तिरपे पट्टे असतात. आग्नेय आशियातील सर्व फौजांचे सेनापती लॉर्ड माउंटबॅटन यांनी १९४४ साली स्वतः इंफाळला येऊन ते अर्जनसिंगांच्या छातीवर लावले. दरबार नाही, गालिचा नाही. लढाईच्या मैदानावरच हा समारंभ झाला.

भारतीय माणसाला विमान जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते.

एक अवघड प्रश्न

वाचता वाचता कोणी विचारील, "अहो, पण तेव्हा राज्य तर इंग्रजांचं होतं. मग हा माणूस लढला कोणासाठी? नेताजींची आझाद हिंद सेना तर पलीकडून येत होती ना?"

प्रश्न खरा आहे. तो टाळून चालणार नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी इंफाळजवळच्या मोइरांग गावी आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. तेव्हा त्याच मणिपूरच्या आकाशात भारतीय वैमानिक इंग्रजांच्या हवाई दलाबरोबर उडत होते. म्हणजे भारतीय माणसे दोन्हीकडे होती. एकीकडच्यांना वाटे, इंग्रजांना घालवायचे तर हीच वेळ आहे. दुसरीकडच्या अनेकांना वाटे, इंग्रज जायलाच हवेत, पण त्यांच्या जागी जपानी येऊन बसले तर काय उपयोग?

आम्ही इथे कोणाचा निवाडा करीत नाही. आझाद हिंद सेनेच्या जवानांनी जीव पणाला लावला, त्याचे मोल देश विसरलेला नाही. आणि हेही खरे, की हुकूम इंग्रजांचा असला तरी विद्या ज्याने शिकली त्याचीच झाली. राज्य गेले तेव्हा इंग्रज निघून गेले. विमान चालवणारे हात मात्र इथेच राहिले. तीन वर्षांनी स्वतंत्र देशाला त्या हातांची गरज लागली.

चूक आणि जबाबदारी

मोठ्या माणसांच्या हातूनही चुका होतात. १९४५ साली केरळात अर्जनसिंगांनी एका घरावरून फारच खाली विमान नेले. हे नियमाविरुद्ध होते. त्यांच्यावर लष्करी खटला झाला. शिकाऊ वैमानिकाला धीर यावा म्हणून आपण तसे केले, असे त्यांनी सांगितले. पदकवाला असो की साधा वैमानिक, नियम मोडला की जाब द्यावाच लागतो. त्यांनी तो दिला आणि ते पुन्हा कामाला लागले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. त्या दिवशी दिल्लीच्या आकाशात शंभरावर विमानांनी सलामी दिली. तिचे पुढारीपण अर्जनसिंगांकडे होते. पण त्याच दिवसांत देशाची फाळणी झाली. त्यांचे लायलपूर पाकिस्तानात गेले. हवाई दलाचीही वाटणी झाली. काही विमाने इकडे, काही तिकडे. कालचे सोबती दोन देशांचे झाले.

"एका तासात"

१ ऑगस्ट १९६४ रोजी अर्जनसिंग भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. वय पंचेचाळीस.

पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९६५ रोजी, पाकिस्तानी फौजेने जम्मूजवळ छांब भागात रणगाडे घातले. रणगाडा म्हणजे लोखंडी चिलखताची, तोफ बसवलेली गाडी. ते अखनूरच्या पुलाकडे निघाले होते. तो पूल गेला असता, तर पलीकडच्या आपल्या फौजेची वाट तुटली असती. इंफाळच्या रस्त्यासारखेच हे झाले असते.

तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. दुपारी त्यांच्या कचेरीत सेनाप्रमुख आणि अर्जनसिंग आले. हवाई दलाला किती वेळात मदतीला जाता येईल, असे विचारले गेले. अर्जनसिंग म्हणाले, एका तासात. यशवंतरावांनी लगेच परवानगी दिली. आणि तासाच्या आत पठाणकोटहून विमाने उडाली.

त्या संध्याकाळी रणगाड्यांवर मारा झाला. पण आपले नुकसानही झाले. पहिल्या खेपेला गेलेली व्हॅम्पायर विमाने जुनी होती. त्यांतली चार परत आली नाहीत. एका शब्दात हुकूम देणाऱ्याला त्या शब्दाचा भार किती असतो, हे ज्याने स्वतः गोळ्यांखाली विमान नेले आहे, त्यालाच कळावे.

पलीकडे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख होते नूर खान. तेही इंग्रजांच्या काळी याच भारतीय हवाई दलात अधिकारी होते. एकेकाळी एका दलात नोकरी केलेली माणसे आता समोरासमोर उभी होती. २३ सप्टेंबरला युद्ध थांबले. सरकारने अर्जनसिंगांना पद्मविभूषण दिले. १९६६ साली ते 'एअर चीफ मार्शल' झाले. हा हुद्दा मिळालेले ते आपल्या हवाई दलाचे पहिले अधिकारी. १९६९ च्या जुलैत ते निवृत्त झाले. तोवर त्यांनी साठांहून अधिक प्रकारची विमाने चालवली होती.

शेवटची सलामी

पुढे ते स्वित्झर्लंडमध्ये आपले राजदूत होते. काही काळ दिल्लीचे नायब राज्यपाल होते. आपली दिल्लीजवळची शेतजमीन विकून त्यांनी दोन कोटी रुपये हवाई दलातून निवृत्त झालेल्यांच्या मदतीसाठी दिले. २००२ साली सरकारने त्यांना 'मार्शल ऑफ द एअर फोर्स' ही सर्वोच्च पदवी दिली. आपल्या हवाई दलात ही पदवी मिळालेले ते एकटेच.

जुलै २०१५ मध्ये माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम वारले. अर्जनसिंग तेव्हा शहाण्णव वर्षांचे होते. त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणले. कलामांच्या पार्थिवासमोर येताच ते खुर्चीतून उठले, ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. ज्यांनी तो बघितला, ते विसरले नाहीत. १६ सप्टेंबर २०१७ रोजी, अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन, दिल्लीत ते वारले.

वाचकहो, अर्जनसिंगांचे पदक चांदीचे होते. पण ते कशाने मिळाले? नीट बघण्याने. पाहिले तेवढेच सांगण्याने. सोबत्याला न सोडण्याने. यांतले एकही काम करायला विमान लागत नाही. पंचायतीत साक्ष देताना, हिशेब लिहिताना, ऐकलेली बातमी दुसऱ्याला सांगताना तेच लागते. हे मी बघितलं, की मला नुसतं वाटलं? हा प्रश्न इंफाळच्या विमानतळावर जितका मोलाचा होता, तितकाच तो आपल्या गावातही आहे.

आता पुन्हा डोक्यावरून विमान गेले, की वर जरूर बघा. आणि मनात म्हणा, वर बसलेला माणूस आपली जमीन वाचतो आहे. आपणही वाचू या.